विश्लेषण : घरच्या ॲम्प्लिफायरला ब्लूटूथ बोर्ड कोणता बसवावा?

प्रार्थना रंगात आलेली असताना भोंग्यातून अचानक कुणाच्या तरी मोबाइलमधले रील वाजू लागले, तर दोष कुणाचा? मोबाइलवाल्याचा, की ॲम्प्लिफायरमध्ये बसवलेल्या शे-दीडशे रुपयांच्या बोर्डाचा? गावातल्या भजनी मंडळांच्या आणि हौशी कारागिरांच्या ॲम्प्लिफायरमध्ये ब्लूटूथ बोर्ड आता सर्रास दिसतो. तो निवडताना ‘आवाज किती क्लिअर’ यापेक्षा ‘बोर्ड आपले किती ऐकतो’ हे आधी का पाहावे, याविषयी...

मोझरीच्या परिसरात हा प्रश्न वेगळा का?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला. खंजेरीवरची भजने आणि सामुदायिक प्रार्थना ही या गावाची ओळख. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी येथे मौन श्रद्धांजली वाहिली जाते. एवढ्या मोठ्या समुदायाच्या त्या शांततेत कुठलाही यांत्रिक आवाज किती खटकेल, हे सांगायला नको.

मोठ्या महोत्सवाची ध्वनियंत्रणा व्यावसायिक मंडळी सांभाळतात. तेथे हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो वऱ्हाडातल्या लहान गावांतल्या प्रार्थना मंदिरांत, देवळांत, समाजमंदिरांत. तेथला ॲम्प्लिफायर अनेकदा गावातल्याच कुणी तरी जुळवलेला असतो. डबल ४४४० आयसीचा बोर्ड, बारा व्होल्टची बॅटरी किंवा बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा आणि छपरावर एक भोंगा. (या ४४४० ची कुळकथा मोटारीतल्या टेपरेकॉर्डरची. १३.२ व्होल्टवर दोन्ही चॅनेल मिळून ब्रिज जोडणीत जेमतेम १९ वॉट देणाऱ्या या आयसीच्या बोर्डावर विक्रेते दोनशे वॉट छापतात, तो भाग वेगळा.) पूर्वी त्याला कॅसेट जोडली जायची, मग पेनड्राइव्ह आला, आता मोबाइल.

अशा ठिकाणच्या यंत्राकडून दोनच अपेक्षा असतात. सांगितले की वाजावे आणि सांगितले की गप्प बसावे. बाजारातले स्वस्त ब्लूटूथ बोर्ड पहिले काम बरे करतात. दुसरे त्यांना जमत नाही.

स्वस्त बोर्ड नेमके काय करतो?

बोर्डाला वीज मिळताच तो इंग्रजीत किंवा चिनी वळणाच्या इंग्रजीत ‘ब्लूटूथ रेडी’ अशा अर्थाची घोषणा करतो. घरातल्या लहान स्पीकरवर ती गोड वाटते, पण भोंग्यावरून ती अर्ध्या गावाला ऐकू जाते. मोबाइल जोडला की पुन्हा घोषणा. मोबाइलवाला उठून अंगणात गेला, रेंज तुटली, की आणखी एक घोषणा, आणि तीही नेमकी लोक डोळे मिटून बसलेले असताना.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मोबाइल तुटल्याक्षणी बोर्ड पुन्हा सगळ्यांसाठी मोकळा होतो. ब्लूटूथच्या २.१ आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, जोडणी सोपी व्हावी म्हणून चार आकडी पिनऐवजी ‘नाव दाबा, जोडा’ अशी पद्धत आली. पडदा किंवा बटणे नसलेल्या उपकरणांना तीच सोयीची. त्यामुळे बोर्ड पिन विचारत नाही आणि परवानगीही विचारत नाही. ज्याच्या फोनमध्ये नाव दिसेल तो जोडू शकतो. मागच्या पंधरवड्यात ज्या पोराने एकदा गाणे लावून पाहिले, त्याचा फोन तर खिशात असतानाच आपोआप जोडला जाऊ शकतो. मग ‘कोनाचा फोन हाये रे बाप्पा?’ अशी शोधाशोध सुरू होते आणि ज्याचा असतो त्यालाही ते ठाऊक नसते.

त्यात एकाच दुकानातून आणलेल्या सगळ्या बोर्डांचे नाव एकच. गल्लीत तीन घरी तोच बोर्ड असेल तर फोनच्या यादीत तेच नाव तीनदा दिसते. चुकून शेजारच्या घरातला स्पीकर जोडला जातो आणि इकडे लोक वायर हलवत बसतात.

‘कस्टमाइज’ करता येणारा बोर्ड म्हणजे काय?

जाहिरातीत हा शब्द सैल वापरला जातो. कुणी रंगीत दिवे बदलता येतात म्हणून बोर्डाला कस्टमाइज म्हणतो, तर कुणी रिमोट दिला म्हणून. ॲम्प्लिफायर स्वतः जुळवणाऱ्याच्या दृष्टीने चार गोष्टी बदलता आल्या तरच त्या शब्दाला अर्थ आहे : बोर्डाचे नाव, कोण जोडू शकेल याची मुभा, घोषणांचा आवाज आणि सुरुवातीचा व कमाल व्हॉल्यूम. यात घोषणा बंद करणे बहुतेकांना सुचते. जोडणीची मुभा सुचत नाही, आणि खरी महत्त्वाची तीच.

चांगली व्यवस्था अशी असते की बोर्ड एरवी नव्या फोनला दिसतच नाही. ॲम्प्लिफायरच्या मागे लपवलेले बटण दाबून धरले तरच तो मिनिटभर नव्या फोनसाठी उघडतो. बाकी वेळ फक्त ओळखीच्या फोनशी बोलतो. घरच्या वाय-फायला पासवर्ड असतो तसेच हे.

पर्याय कोणते?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, नागपूरच्या सीताबर्डीत किंवा ऑनलाइन मागवले तर साधारण तीन जातींचे बोर्ड मिळतात. किमती दुकानागणिक बदलतात, पण पायऱ्या त्याच राहतात.

सर्वांत खालच्या पायरीवर एमएच-एम१८, एमएच-एम२८, व्हीएचएम-३१४ अशा नावांचे चिटुकले बोर्ड आणि यूएसबी-एफएम-ब्लूटूथ असे सगळे एकत्र असलेले पॅनेल येतात. पाच व्होल्ट द्या, डावा-उजवा-ग्राउंड अशा तीन तारा काढा, काम झाले. यांचा आवाज भोंग्यासाठी आणि घरच्या साध्या स्पीकरसाठी पुरेसा असतो. मात्र नाव, घोषणा, जोडणी हे सारे कारखान्यात आत लिहिलेले असते आणि घरी बदलण्याची सोय बहुधा नसते. एम२८ सारख्या काहींवर ‘म्यूट’ नावाची पिन असते, गाणी पुढे-मागे करण्यासाठी ‘की’ पिन असते. तेवढेच काय ते हातात.

मधल्या पायरीवर दोन प्रकार. काही बोर्डांवर ‘टीएक्स-आरएक्स’ अशा पिना असतात. साध्या यूएसबी-टीटीएल केबलने ते संगणकाला जोडून ठरावीक आज्ञा पाठवल्या की नाव बदलता येते, आणि बोर्ड तसा असेल तर घोषणाही बंद करता येतात. अडचण एवढीच की या आज्ञा प्रत्येक बनावटीच्या वेगळ्या असतात. विक्रेता आज्ञांची यादी देत नसेल, तर पिना असूनही तो बोर्ड मुकाच.

दुसरा प्रकार सीएसआर८६४५ सारख्या चिपांचा. केंब्रिजची ही सीएसआर कंपनी २०१५ मध्ये क्वालकॉमने विकत घेतली. त्यानंतरच्या क्वालकॉमच्या ‘क्यूसीसी’ मालिकेतल्या काही चिप एपीटीएक्स एचडी, तर वरच्या चिप एलडॅकही चालवतात. या घराण्यात नाव, बटणांचे काम, घोषणा, व्हॉल्यूमच्या पायऱ्या, इक्वलायझर असे पुष्कळ बदलता येते. त्यासाठी मात्र वेगळा यूएसबी-एसपीआय प्रोग्रामर, विंडोजचा संगणक आणि कंपनीचे किचकट सॉफ्टवेअर लागते. एका ॲम्प्लिफायरसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. पाच-दहा ॲम्प्लिफायर बनवून विकणाऱ्या कारागिराला तो परवडू शकतो. काही विक्रेते मागणीप्रमाणे नाव लिहून आणि घोषणा काढून बोर्ड देतात. मागवण्यापूर्वी एवढे विचारून घेतले तरी खूप झाले.

तिसरी पायरी ईएसपी३२. हा मुळात ब्लूटूथ ‘बोर्ड’ नव्हे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, शेतातल्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्ये, पॉलिटेक्निकच्या प्रकल्पात दिसणारा हा छोटा संगणक आहे. एस्प्रेसिफ कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. त्यावर मोफत मिळणारी ‘ईएसपी३२-एटूडीपी’ ही लायब्ररी चढवली की तो ब्लूटूथ स्पीकर बनतो. आर्डुइनोच्या खिडकीत मोजून आठ-दहा ओळी लिहायच्या. त्यातली एक ओळ म्हणजे बोर्डाचे नाव. तेथे ‘प्रार्थना मंदिर’ लिहा की गावाचे नाव, फोनमध्ये तेच दिसते. घोषणा नसतेच, कारण ती कुणी लिहिलेलीच नसते. बटण दाबल्याशिवाय नव्या फोनला दिसू नये, पिन विचारावी, व्हॉल्यूम ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो द्यावे, हे सगळे कोडमध्ये करता येते.

वळण लावण्याच्या कसोटीवर ईएसपी३२ बाकी दोघांच्या फार पुढे आहे. गावात आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जाणारे एखादे पोर असेल, तर याच वाटेने जावे.

ईएसपी३२ घेताना कुठे फसगत होते?

दुकानदार ‘नवीन मॉडेल आले आहे’ म्हणून ईएसपी३२-एस३ किंवा सी३ हातात ठेवतो. ती नवी आहेत हे खरे, पण त्यांच्यात फक्त लो एनर्जी ब्लूटूथ आहे. फोनवरून गाणी पाठवायला लागते ते क्लासिक ब्लूटूथ त्यांच्यात नाही. त्यांच्यावर ही लायब्ररी चालणारच नाही. ईएसपी८२६६ मध्ये तर ब्लूटूथच नाही. घ्यायचा तो जुना, साधा ईएसपी३२, ज्याच्या पत्र्याच्या टोपीवर बहुधा ‘रूम’ अक्षरे असलेले नाव असते.

दुसरी गोष्ट, ईएसपी३२ च्या आतला ध्वनिपरिवर्तक अवघा आठ बिटचा आहे. त्यातून थेट आवाज काढला तर पावसाळ्यातल्या रेडिओसारखी खरखर येते. म्हणून सोबत पीसीएम५१०२ हा वेगळा छोटा बोर्ड घ्यावा लागतो. दोघांमध्ये आयटूएसच्या तीन तारा, शिवाय वीज आणि ग्राउंड. लायब्ररीतल्या मूळ रचनेप्रमाणे त्या तीन तारा २६, २५ आणि २२ क्रमांकाच्या पिनांवर येतात.

कोड चढवताना ‘जागा पुरत नाही’ असा संदेश आला तर घाबरू नये. आर्डुइनोच्या ‘पार्टिशन स्कीम’मध्ये ‘ह्यूज ॲप’ निवडले की काम होते. अनेक जण येथेच हात टेकतात आणि बोर्ड खराब निघाला म्हणून कपाटात टाकतात.

‘ब्लूटूथ ५.३’ घेतले तर आवाज चांगला येतो का?

नाही. विक्रेत्यांनी सर्वाधिक गैरसमज पसरवला आहे तो येथे. ब्लूटूथ ५ मधल्या बहुतेक सुधारणा लो एनर्जीसाठी, म्हणजे घड्याळे आणि सेन्सर यांच्यासाठी आहेत. गाणी जातात ती अजूनही एटूडीपी नावाच्या जुन्या वाटेने. ४.२ छापलेल्या आणि ५.३ छापलेल्या स्वस्त बोर्डांत ऐकू येण्याजोगा फरक आकड्यामुळे पडत नाही.

फरक पडतो तो कोडेकने, म्हणजे गाणे दाबून पाठवण्याच्या पद्धतीने. एसबीसी ही पद्धत प्रत्येक उपकरणात असतेच. चांगल्या दर्जात ती सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट वापरते. आयफोन एएसी पसंत करतो, अँड्रॉइड फोन एपीटीएक्स किंवा एलडॅक चालवू शकतात, पण बोर्डातही तेच असेल तर. ईएसपी३२ ची ही लायब्ररी एसबीसीवरच चालते. घरी चांगले बुकशेल्फ स्पीकर असणाऱ्याने यावर जरूर विचार करावा आणि ‘क्यूसीसी’कडे वळावे. भोंग्यासाठी मात्र हा खर्च निव्वळ वाया. भोंग्यातून खालचा खर्ज आणि वरची बारीक किणकिण मुळातच बाहेर पडत नाही. शिवाय वाजणारी भजने बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरून दहा हातांतून फिरून आलेली असतात. त्यांना एलडॅक काय करणार?

बोर्डात एपीटीएक्स खरेच आहे की नुसते छापले आहे, हे पाहायची सोपी युक्ती आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ सुरू करावेत, बोर्ड जोडावा आणि ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ उघडावे. चालू असलेला कोडेक तेथे दिसतो. फोनमध्ये एपीटीएक्स असूनही फक्त एसबीसी दिसत असेल, तर खोक्यावरचा शिक्का विसरावा.

बसवल्यावर ‘चिर्र-टिक-टिक’ आवाज का येतो?

घरी जुळवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये सर्वाधिक लोक येथे अडतात, आणि बोर्ड बदलून हा आवाज जात नाही.

ब्लूटूथ रेडिओ सलग वीज ओढत नाही. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल बदलतो आणि प्रत्येक पुडक्यासाठी विजेचा छोटा झटका घेतो. हे झटके ग्राउंडच्या तारेतून परत जातात. त्याच तारेने ॲम्प्लिफायरचे आवाजाचे ग्राउंडही जोडलेले असेल, तर झटक्यांमुळे तारेत तयार होणारा सूक्ष्म व्होल्टेज ॲम्प्लिफायर ‘गाणे’ समजून मोठा करतो. बॅटरी एकच, ग्राउंड एकच, बोर्डही त्यावर आणि ४४४० ही त्यावर, अशा गावाकडच्या नेहमीच्या जुळणीत हा आजार हमखास होतो.

निदान फुकटात होते. बोर्डाची वीज काढून तो पॉवर बँकेवर चालवून पाहावा. चिरचिर गेली तर बोर्ड निर्दोष आहे, दोष विजेच्या जोडणीत आहे.

इलाज तीन. पहिला, बोर्डाला बी०५०५एस नावाचा विलग करणारा पाच-ते-पाच व्होल्टचा छोटा कन्व्हर्टर लावणे. त्याच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी वीज एकमेकींना तारेने जोडलेली नसते, त्यामुळे ग्राउंडचे वेटोळे तुटते. एक वॉटचा कन्व्हर्टर २०० मिलिअँपिअर देतो. चिटुकल्या बोर्डाला तो पुरतो. ईएसपी३२ साठी दोन वॉटचा घ्यावा आणि पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंचे ग्राउंड जवळ दिसतात म्हणून तारेने जोडून टाकणारे महाभाग आहेत. तसे केले की कन्व्हर्टर लावल्याचा उपयोगच उरत नाही. दोन्ही बाजू भेटाव्यात त्या फक्त आवाजाच्या शिल्डेड वायरच्या जाळीतून.

दुसरा इलाज, आवाजाच्या तारेतच ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकणे. स्वस्त ट्रान्सफॉर्मर थोडा खर्ज खातो, पण भोंग्याला त्याचे सोयरसुतक नसते.

तिसरा म्हणजे बोर्डाला मोबाइलचा स्वतंत्र चार्जर देणे. वीज असलेल्या ठिकाणी हे सर्वांत सोपे. चार्जर बीआयएस नोंदणीच्या शिक्क्याचाच घ्यावा. रस्त्यावरचे चार्जर स्वतःच गुणगुणतात आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

पाच व्होल्ट कुठून काढायचे, यात एक गणित आहे. बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर ब्रिजनंतर मधल्या तारेपासून एका बाजूला साधारण १६ व्होल्ट डीसी देतो. त्यावर ७८०५ लावून ईएसपी३२ ला १५० मिलिअँपिअर दिले, तर उरलेले ११ व्होल्ट उष्णता बनतात, सुमारे १.६५ वॉट. हीटसिंक नसेल तर आयसीला बोट लावता येणार नाही. दोन्ही टोकांमधला व्होल्टेज ३४ च्या आसपास जातो आणि ७८०५ ची कमाल मर्यादा ३५ आहे. गावात रात्री व्होल्टेज चढला की ही मर्यादा ओलांडली जाते. तेथून पाच व्होल्ट काढण्याच्या फंदात पडू नये. या भागात २३० व्होल्ट खेळत असतात, म्हणून फ्यूज आणि डब्याला अर्थिंग याबाबत काटकसर नको.

पत्र्याच्या डब्यात रेंज का जाते?

बोर्डाच्या कडेला नागमोडी तांब्याची रेघ दिसते, ती अँटेना. चहूबाजूंनी पत्रा असेल तर लहरी आतच कोंडल्या जातात. समोरच्या पट्टीला प्लॅस्टिक किंवा ॲक्रेलिक लावून अँटेना त्यामागे, ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवावी. रिकाम्या सभागृहात दहा मीटर चालणारा फोन माणसांनी भरलेल्या सभागृहात अर्ध्यावर अडखळू शकतो. शरीरातले पाणी या लहरी शोषते. म्हणून फोन ॲम्प्लिफायरजवळच ठेवावा.

माइकही ब्लूटूथवर घ्यावा का?

भजनासाठी अजिबात नाही. ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला सहसा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा जवळजवळ ६८ मीटर अंतरावरून ऐकण्यासारखा आहे. खंजेरीवर थाप आता पडली आणि भोंग्यातली थाप ६८ मीटरवरून आल्यासारखी मागाहून आली, तर दोन कडव्यांत ताल सुटतो. रेकॉर्डिंग वाजवायला हा उशीर चालतो, कारण तेथे तुलना करायला समोर कुणी वाजवत नसते. माइक तारेचाच घ्यावा. बिनतारी हवा असेल तर त्यासाठी बनवलेला यूएचएफ माइक घ्यावा.

ॲम्प्लिफायरच्या कुठल्या सॉकेटला जोडावे?

पीसीएम५१०२ चा आवाज २.१ व्होल्टपर्यंत जातो. माइकच्या सॉकेटला अपेक्षा असते काही मिलिव्होल्टची. तेथे जोडले की फाटका आवाज येतो आणि बिचाऱ्या बोर्डाला नावे ठेवली जातात. ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ सॉकेट वापरावे. भोंगा एकच असेल तर डावी-उजवी तार थेट पिळून एकत्र करू नये, कारण मग दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतात. प्रत्येक तारेत एक किलोओहम ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकून मग एकत्र करावे.

आधीच स्वस्त बोर्ड बसवला असेल तर?

तो काढून फेकायची गरज नाही. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या तारेत एक वेगळा स्विच बसवावा. रेकॉर्डिंग वाजवायचे तेव्हाच तो सुरू करावा, एरवी बोर्ड बंदच. मौनाच्या, प्रार्थनेच्या, भाषणाच्या वेळी बंद बोर्डाला कुणाचाच फोन जोडला जाऊ शकत नाही. सुरू करताना ॲम्प्लिफायरचा ऑक्सचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवला की घोषणाही भोंग्यापर्यंत जात नाही. तीस-चाळीस रुपयांच्या स्विचने निम्मा प्रश्न सुटतो.

मंडळाचा एक जुना, सिमकार्ड नसलेला फोन याच कामाला ठेवणे आणखी चांगले. तो नसेल तर ज्याचा फोन जोडायचा त्याने आधी एअरप्लेन मोड लावून मग ब्लूटूथ सुरू करावे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या बोर्डाच्या नावापुढे ‘फोन कॉल’ बंद आणि ‘मीडिया’ सुरू असे ठेवता येते. नाही तर सासुरवाडीचा फोन येतो आणि रिंगटोन भोंग्यावर वाजते.

परवानगीचे काय?

ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना वापरकर्त्याने परवाना काढावा लागत नाही. भोंग्याचे तसे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी संबंधित अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पहाटेच्या सामुदायिक ध्यानासाठी भोंगा लावणाऱ्या मंडळांनी सकाळी सहाची वेळ लक्षात ठेवावी. ईएसपी३२ वापरणाऱ्यांना कमाल व्हॉल्यूम कोडमध्येच बांधून टाकता येतो, तो येथेही उपयोगी पडतो.

तपासणी कशी करावी?

डबा बंद करण्यापूर्वी कार्यक्रमासारखीच परिस्थिती करून पाहावी. ॲम्प्लिफायर सुरू करून, कुठलाही फोन न जोडता, भोंगा नेहमीच्या व्हॉल्यूमवर दहा मिनिटे नुसता ऐकावा. मग ओळखीचा फोन जोडावा, गाणे लावावे आणि फोन घेऊन रेंजच्या बाहेर चालत जावे. तुटताना बोर्ड काही बोलतो का, परत आल्यावर स्वतःहून जोडला जातो का, हे पाहावे. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी अनोळखी फोनवरून घुसायचा प्रयत्न करायला सांगावे, शक्यतो गावातल्या सर्वांत खोडकर पोराला. त्याला पाच मिनिटांत जमले नाही, तर झाकणाचे स्क्रू आवळावेत.